गुंडीची झोप

"अरे, ही श्वास घेत नाहीये."

रविवारची दुपार होती. मास्टरची थोरली बहीण दातांच्या उपचारांसाठी आठ दिवस राहायला आली होती. जेवणं उरकून ती बाहेरच्या खोलीत भाचीशेजारी आडवी झाली होती. मास्टर खिडकीशी बसून मोठ्या कात्रीचा सैल झालेला स्क्रू आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"घेईल," तो म्हणाला.

"घेईल काय? इकडे बघ आधी!"

त्यानं बघितलं. गुंडी नेहमीसारखीच झोपली होती. मांडी घालून बसायचं, मग पुढे वाकत वाकत कपाळ गादीला टेकवायचं आणि पाठ वर, डोकं दोन गुडघ्यांच्या मध्ये, अशी घडी होऊन झोपायची ती. तिचे सांधे इतके सैल होते की त्याचं तिला काही वाटायचं नाही. ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती मोठ्यानं आकडे मोजत होती. "अकरा... बारा... तेरा... चौदा..." तेवढ्यात त्या छोट्या पाठीला एक हिसका बसला, घशातून जाड कापड फाडल्यासारखा आवाज आला आणि श्वास पुन्हा सुरू झाला. गुंडी जागी झाली नाही.

"असं किती वेळा होतं?" ताईनं विचारलं.

"माहीत नाही. ती तशीच झोपते, ताई."

"आणि तू तिथे बसून कात्री दुरुस्त करतोस."

ताईचं बोलणं खोटं नव्हतं. पण मास्टरला ते लागलं नाही. हल्ली त्याला फारसं काही लागायचंच नाही.

तो गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. कापायचं काम त्याच्याकडे, आणि अवघड शिलाईही त्याच्याकडेच, म्हणून सगळे त्याला मास्टर म्हणत. गुंडी ही त्याची एकुलती एक मुलगी, साडेसहा वर्षांची. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेली. तिचं कागदोपत्री नाव चांगलं लांबलचक होतं, पण पहिल्यांदा तिचा गोल, चपटा चेहरा पाहून ताईच म्हणाली होती, "अगदी कोटाची गुंडी आहे ही!" आणि तेच चिकटलं. पाचव्या महिन्यात गुंडीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून मास्टर इतका रडला होता की एका अनोळखी बाईनं त्याला स्वतःचा रुमाल दिला होता. ऑपरेशन नीट झालं. मग थायरॉइड निघालं, मग कानात पाणी, मग चष्मा, मग न्युमोनिया, दोनदा. प्रत्येक वेळी नवा डॉक्टर, नवी फाईल, नवीन सही. कितव्या सहीनंतर ते झालं ते त्याला सांगता आलं नसतं, पण केव्हातरी त्याला आतून काही वाटायचं थांबलं. दुःख नाही, भीती नाही. काम मात्र तो चोख करायचा. औषधाची वेळ कधी चुकवली नाही. कोणी विचारलं की "बरं चाललंय" म्हणायचा आणि त्याला ते खरंच वाटायचं.

एकच गोष्ट त्यानं चुकवली होती. गुंडी चार वर्षांची झाली तेव्हा तिच्या मुलांच्या डॉक्टरांनी कार्डावर एक ओळ लिहिली होती: झोपेची तपासणी करून घ्या, त्रास दिसत नसला तरी. तारीखही मिळाली होती. त्या आठवड्यात कारखान्यात मोठी ऑर्डर होती. "घोरतेच तर आहे," तो बायकोला म्हणाला होता. "घोरतात सगळेच. पुढच्या महिन्यात बघू." गुंडीच्या आईनं दोनदा आठवण केली, मग तीही थकली. ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभ्यानं काम करायची. घरी आल्यावर गुंडीला आंघोळ, जेवण, मग शाळेच्या वहीतल्या तक्रारी वाचणं. मध्येच बसकण मारते. ऐकत नाही. चावते. हट्टी आहे. ती ओळ तशीच कार्डावर राहिली आणि अडीच वर्षं गेली.

ताईनं ते कार्ड त्याच रविवारी संध्याकाळी शोधून काढलं. तिनं ते वाचलं, भावाकडे पाहिलं, आणि ती काहीच बोलली नाही. ताई बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे मास्टरला लहानपणापासून ठाऊक होतं.

"दाताचं नंतर बघू," ती शेवटी म्हणाली. "उद्या आपण सगळे जातोय."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी गुंडीला स्वतःच्या खुर्चीत बसवून गोल गोल फिरवलं, त्या आनंदात तिचं तोंड उघडलं तेव्हा घशात टॉर्च मारून घेतला. मग त्यांनी टेबलावरचा एक खोका पुढे ओढला.

"हा खोका म्हणजे घर समजा," त्या म्हणाल्या, "घर लहान आहे आणि सामान मोठ्या घराचं. या मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, म्हणून नाकामागची वाट अरुंद. टाळू अरुंद. जीभ काही फार मोठी नसते, पण तिला जागाच पुरत नाही. त्यात हिचे टॉन्सिल बघा, दोन्ही बाजूंनी जवळजवळ एकमेकांना टेकलेत. नाकाच्या मागेही तसंच मांस वाढलेलं असणार. जागेपणी ती हे सगळं सांभाळून घेते. झोपली की स्नायू सैल पडतात, हिचे तर मुळातच सैल आहेत. मग वाट बंद होते. मेंदूला कळतं, तो तिला अर्धवट जागं करतो, श्वास येतो. पुन्हा झोप, पुन्हा बंद."

"रात्रभर?" गुंडीच्या आईनं विचारलं.

"ते तपासणीत कळेल."

"ती अशी घडी होऊन का झोपते?" हे ताईनं विचारलं. "आम्हाला वाटायचं सवय आहे."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "सवय कसली! हा तिनं स्वतः शोधलेला उपाय आहे. असं वाकलं की जीभ पुढे पडते आणि वाट थोडी उघडते. तिला कोणी शिकवलं नाही हे."

गुंडी तेव्हा खुर्चीखाली शिरून चाकं मोजत होती. एक, दोन, दोन, दोन. मास्टरनं तिच्याकडे पाहिलं. दोन-तीन वर्षांची असल्यापासून ती तशी झोपत होती. म्हणजे एवढीशी असताना तिनं ते शोधून काढलं होतं, त्याच खोलीत, तो शेजारी झोपलेला असताना. ही गोष्ट त्यानं नीट समजून घेतली. पुढे काही वाटेल म्हणून वाट पाहिली. काही आलं नाही.

झोपेच्या तपासणीसाठी दवाखान्यातच मुक्काम करायचा होता. खोली साध्या बेडरूमसारखी होती, फक्त भिंतीत कॅमेरा आणि उशाशी वायरींचा जुडगा. तपासणी करणारी तरुणी हसतमुख होती. ती गुंडीच्या डोक्याला, छातीला, पायाला एकेक वायर चिकटवत होती आणि गुंडी एकेक काढत होती. पंधराएक मिनिटं हा खेळ चालला. गुंडीनं तिचं नाव वायरताई ठेवलं. शेवटी वायरताईनं स्वतःच्या कपाळावर एक वायर चिकटवून घेतली, तेव्हा कुठे गुंडीनं माघार घेतली.

ताई परत गेली होती, बायको घरी होती. मास्टर शेजारच्या खाटेवर पडला. सगळी रात्र त्यानं पहिल्यांदाच ऐकून काढली. घोरणं थांबलं की तो मोजायचा. नऊ. बारा. वीस. एकदा तो उठून बसला, तेवढ्यात हिसका बसून श्वास आला, आणि तो परत आडवा झाला. काचेपलीकडे वायरताई पडद्याकडे पाहत बसली होती.

आठवड्यानं निकाल आला. तासाला तेवीस वेळा श्वास अडत होता. रक्तातला ऑक्सिजन चौऱ्याहत्तर टक्क्यांपर्यंत खाली जात होता. "हृदयाचं एकदा ऑपरेशन झालंय तिचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं चालू राहिलं तर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो, तो सगळा भार हृदयावर. आणि दिवसा जे दिसतं, चिडणं, हट्ट, मध्येच बसकण, त्यातलं बरंचसं जागरण असू शकतं. तुम्ही एक रात्र झोपला नाहीत तर दुसऱ्या दिवशी कसे वागता? ही कित्येक वर्षं झोपलेली नाही."

गुंडीची आई तिथेच रडायला लागली. "आणि मी तिला ओरडायचे," ती म्हणत होती. "रोज सकाळी ओरडायचे, ऊठ ऊठ म्हणून."

मास्टरनं टॉन्सिल आणि नाकामागचं मांस काढायच्या ऑपरेशनची तारीख लिहून घेतली आणि तिथून तो कारखान्यात गेला. त्या दिवशी त्यानं चार सीटचे डावे तुकडे उजव्या बाजूला शिवले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालक येऊन पाहून गेले. "मास्टर, या गाडीत बसणाऱ्यानं उलटं तोंड करून बसायचं का?" सगळे हसले. मास्टरनंही हसल्यासारखं केलं आणि उसवायला बसला.

ऑपरेशनच्या आधी मानेचा एक्स-रे झाला. या मुलांच्या मानेचे वरचे मणके कधी कधी सैल असतात, म्हणून भूल देताना मान मागे ताणायची नाही, असं भुलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते अगदी तरुण होते आणि फार नेमकं बोलत. "श्वासनळीही वयाच्या मानानं अरुंद असते. साडेसहा वर्षांच्या मुलीला जी नळी घालतो, त्याहून लहान घालू. जोर करणार नाही. ऑपरेशननंतर घसा सुजतो, म्हणून एक रात्र अतिदक्षता विभागात ठेवू. हे सगळं आधीपासून ठरलेलं आहे, त्यामुळे तिला तिथे नेलं म्हणून घाबरू नका."

"घाबरत नाही," मास्टर म्हणाला. ते खरं होतं.

गुंडीला आत नेलं. दारापर्यंत ती वायरताईनं दिलेला चिकटपट्टीचा तुकडा गालावर लावून स्ट्रेचरवर ऐटीत बसली होती. दार लागल्यावर तिचा आवाज आला, "बाबा! बाबा इकडे!" मग आवाज बंद झाला. दोघं बाकावर बसली. तासाभरानं मास्टरला भूक लागली. तो खाली जाऊन दोन सँडविच घेऊन आला. बायकोनं नको म्हटल्यावर त्यानं दोन्ही खाल्ली आणि कागदाची नीट घडी घातली.

गुंडीची आई त्याच्याकडे बघत होती.

"अहो, तुम्हाला काही वाटतंय की नाही?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. भूक लागली होती, तेवढी कळली."

"माणूस आहात की दगड?" ती जोरात म्हणाली. समोरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली, तशी तिनं आवाज खाली घेतला. "मी एकटीनं किती रडायचं? दोघांच्या वाटचं मीच रडते आहे इतकी वर्षं."

"मला येत नाही गं," तो म्हणाला. "मी प्रयत्न केला. तपासणीच्या रात्री पण केला. येत नाही."

मग तिनं त्याच्या हातातला घडी घातलेला कागद काढून घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परत येऊन बसली, मघापेक्षा थोडी जवळ.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. एक रात्र अतिदक्षता विभागात, दोन दिवस वॉर्डात, मग घर. दहा दिवस घसा दुखला, गुंडीनं थंड दह्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. आणि मग ते घोरणं गेलं. अगदी गेलं. पहिल्या रात्री बायको तीनदा उठून बघून आली, कारण घरात इतकी शांतता कधी नव्हतीच. "जीव भांड्यात पडला," तिनं ताईला फोनवर सांगितलं. ताईनं पलीकडून आपल्या नव्या दातांसकट मोठ्यानं हसून दाखवलं.

तीन महिन्यांनी परत झोपेची तपासणी करायची होती. गुंडीच्या आईला त्याची गरज वाटत नव्हती. "आवाज नाही, काही नाही. कशाला त्या पोरीला पुन्हा वायरी लावायच्या?"

"कार्डावर लिहिलंय," मास्टर म्हणाला.

"तुम्ही म्हणताय हे? तुम्ही?"

"हो. मीच. एकदा नाही गेलो." आणि ठरल्या दिवशी तो गुंडीला घेऊन गेला.

निकाल आला. तेवीसचे नऊ झाले होते. नऊ हा आकडा ऐकून मास्टरला वाटलं, बरा आहे. पण डॉक्टरबाईंनी मान हलवली. "एक-दोनच्या वर नको असतो लहान मुलांत."

"पण आवाज गेला होता ना!" गुंडीची आई जवळजवळ ओरडलीच. "ती घोरतच नाही आता!"

"आवाज गेला. अडथळा थोडा राहिलाय. या मुलांत असं बऱ्याचदा होतं, म्हणून तर पुन्हा तपासतो. आईबापांना नुसतं ऐकून कळत नाही. तुमची चूक नाही त्यात."

मग गुंडीला झोपेचं औषध देऊन, नाकातून बारीक कॅमेरा घालून, वाट नेमकी कुठे बंद होते ते पाहिलं. डॉक्टरबाईंनी ते चित्र दोघांना दाखवलं. गुलाबी, ओली, अंधारी वाट. आणि गुंडी झोपेत बुडाली की जिभेचं मूळ हळूहळू मागे सरकत जाऊन वाटेवर बसत होतं. मास्टरला ते कुणीतरी आतून दार लोटून घेतल्यासारखं दिसलं. पुढचं ऑपरेशन लगेच नको, आधी हवेचं मशीन लावून बघू, असं ठरलं. मशीन एका मास्कमधून हवा दाबानं आत सोडतं, त्या हवेनं वाट उघडी राहते. मास्क रोज झोपताना लावायचा. किती वर्षं, ते आत्ता सांगता येणार नाही.

आणि इथून नाकी नऊ आले.

गुंडीनं मास्क पाहिला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला फेकला. आणला, परत फेकला. झोपल्यावर हळूच लावला तर अर्ध्या तासात ओरबाडून काढला. तिचा दोष नव्हता. तिच्या नाकाचं हाड बसकं होतं, त्यामुळे मास्क वरून उघडा राहायचा आणि तिथून निसटलेली हवा थेट डोळ्यांत जायची. सकाळी डोळे लालभडक. पट्टे घट्ट केले तर गालांवर वळ उठायचे. डोकं मागून सपाट असल्यामुळे पट्टे सरकत सरकत वर जायचे आणि टोपी उडावी तसे निघून यायचे. वायरताईकडे मास्कचे तीन प्रकार होते. एक दाबायचा, एक गळायचा आणि एक दोन्ही करायचा.

"हे सगळे सरळ नाकाच्या मुलांच्या मापानं काढलेत," वायरताई म्हणाली. "मी तरी काय करू? बघत राहू, नवीन काही आलं तर."

मास्टर मास्क हातात घेऊन उलटासुलटा करत होता. पट्ट्यांची शिलाई बघत होता. वाईट शिलाई नव्हती, पण माप चुकलं होतं. ज्या डोक्यासाठी पट्टा कापला होता, ते डोकं वेगळं होतं.

"पट्टे मी शिवले तर चालतील?" त्यानं विचारलं.

वायरताई विचारात पडली आणि डॉक्टरबाईंना विचारून आली. "मास्कला हात लावायचा नाही. त्याच्यावरची ही भोकं आहेत ना, उच्छ्वास बाहेर पडायची, ती अजिबात झाकायची नाहीत. पट्टा झटक्यात काढता आला पाहिजे, तिलासुद्धा. बाकी पट्टे तुमचे. आणि शिवलेलं आधी मला दाखवायचं, मगच घरी वापरायचं."

त्या शनिवारी त्यानं गुंडीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि टेप काढली. सीटचं माप तो दोन मिनिटांत घ्यायचा. या मापाला तास लागला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. कपाळाच्या मध्यापासून मानेच्या खळीपर्यंत. कान लहान, जरा खाली, त्यामुळे पट्टा कानावरून नेऊन चालणार नव्हता. डोक्याच्या मागची सपाटी तळहातानं चाचपली. डोळे तिरपे, त्यांच्या कोपऱ्यातली ती बारीक घडी. नाकाचं मूळ त्याच्या अंगठ्याखाली जवळजवळ लागतच नव्हतं. गुंडी आधी खिदळली, मग तिला मजा वाटायची संपली, मग तिनं टेपचं दुसरं टोक धरून बापाचं नाक मोजलं आणि जाहीर केलं, "शंभर."

इतका वेळ तो तिच्या चेहऱ्याकडे कधी पाहत बसला नव्हता. फाईलमध्ये त्या चेहऱ्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं होतं, ते त्याला पाठ होतं.

पहिला पट्टा फसला. दुसरा रात्रीतून वर सरकला. तिसऱ्याला त्यानं सपाट भागाला धरून राहील अशी मऊ कापडाची अर्धी टोपी केली, पट्टे कानाच्या खालून काढले आणि वरच्या पट्ट्याचा ताण कपाळावर घेतला, म्हणजे मास्क नाकाच्या मुळाशी टेकून राहील. कडेला सीटला लावतात तशी गोल मगजी, आत टोचू नये म्हणून शिलाई बाहेरच्या अंगाला. वायरताईनं तो गुंडीला लावून मशीन सुरू केलं, कान जवळ नेला, बोटानं नाकाच्या बाजूनं हवा येते का पाहिलं आणि म्हणाली, "मास्टर, गळत नाहीये."

आता गुंडीला तो आवडायला हवा होता. वायरताईनं सांगितलं होतं, झोपेच्या वेळी भांडू नका, दिवसा खेळात लावा. म्हणून संध्याकाळी सहा वाजता मास्क बाहुलीला लागायचा, मग आईला, मग व्हिडिओ कॉलवर ताईला दाखवला जायचा. एका संध्याकाळी मास्टरनं तो स्वतःच्या तोंडाशी धरला आणि मशीन चालू केलं. हवा एकदम नाकात घुसली. त्याला गुदमरल्यासारखं झालं, मग लक्षात आलं की गुदमरायला काही कारण नाही, हवा येतेच आहे. तो तसाच बसून राहिला.

गुंडी त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिनं ती लांब नळी बघितली, बापाचं तोंड बघितलं.

"बाबा हत्ती," ती म्हणाली.

मग तिला हत्ती व्हायचं होतं. पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दहा.

हे सगळं एका झटक्यात झालं नाही. महिनाभर ती दोन तास लावायची, मग काढून टाकायची. सर्दी झाली की सगळं पहिल्यापासून. एकदा तिनं नळीचा उपयोग खिडकीतून पाणी ओतायला केला. गुंडीची आई दोनदा म्हणाली की आता बास, जाऊ दे, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तिनंच मास्क धुऊन वाळत घातला. चौथ्या महिन्यात मशीनच्या नोंदीत सहा तास दिसले. त्याच सुमारास एका पहाटे मास्टर पाणी प्यायला उठला, तर गुंडी पाठीवर, हातपाय पसरून, सरळ झोपली होती. तिचे पाय गादीच्या बाहेर आले होते. त्यानं बायकोला हलवून उठवलं.

"एवढी लांब आहे ही?"

दोघं उभी राहून बघत राहिली. घडी घातलेली मुलगीच त्यांनी आजवर पाहिली होती, त्यामुळे गादी कधीच अपुरी झाली होती हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून त्यानं फोमचा तुकडा आणला आणि गादीला जोडला.

हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून फुफ्फुसांतला दाब ठीक आहे म्हणून सांगितलं. मास्क लावून केलेल्या तपासणीत नऊचे दोन झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, चेहरा वाढेल तसं दरवर्षी माप बदलेल, दर वेळी नवे पट्टे लागतील, कदाचित पुढे जिभेच्या मुळाचंही काही करावं लागेल. हे सगळं मास्टरनं लिहून घेतलं. जाताना त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "आणि तुम्ही कसे आहात?"

"बरं चाललंय," तो म्हणाला. मग दारापाशी थांबला. "तसं नाही. मला काही वाटतच नाही, बरीच वर्षं."

डॉक्टरबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांनी चिठ्ठीवर एका मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि खाली तारीखही घालून दिली. "ही चुकवू नका," त्या म्हणाल्या. त्यानं चुकवली नाही. तीन वेळा जाऊन आला. तिथे तो खुर्चीत बसायचा, विचारलं तेवढं सांगायचा. काही विशेष घडलं नाही. चौथी तारीख घेतली.

घरात मात्र एक निराळीच मुलगी वावरायला लागली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची. बापाची टेप लपवायची आणि तो शोधायला लागला की गंभीर चेहऱ्यानं स्वतःही शोधायला लागायची. आईनं दोनदा एकच गोष्ट सांगितली की "सांगितलं!" म्हणून कमरेवर हात ठेवायची. वाक्यं तीन शब्दांची झाली, मग चार. मोजताना दोनच्या पुढे तीन यायला लागलं. शिकायला तिला वेळच लागायचा, तो लागणारच होता. पण आपली मुलगी शांत आहे, मंद आहे, मध्येच रुसून बसते, असं जे घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं, त्यातलं कितीतरी ती नव्हतीच.

"मला वाटायचं, तिला खोड्या सुचतच नाहीत," गुंडीची आई एकदा भांडी पुसताना म्हणाली.

"सुचत असतील," मास्टर म्हणाला. "दमलेली असायची."

शाळेनं पालकांना बोलावलं ते साधारण त्याच दिवसांत. बाईंनी दोघांना छोट्या खुर्च्यांवर बसवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. काल मधल्या सुट्टीत त्या सामानाच्या खोलीत रंगाच्या बाटल्या काढायला गेल्या असताना गुंडीनं बाहेरून कडी घातली. दहा मिनिटं. वर्गातल्या एकाही मुलानं सांगितलं नाही, कारण गुंडीनं सगळ्यांना ओठांवर बोट ठेवायला लावलं होतं आणि स्वतः बाईंच्या खुर्चीत बसून हजेरी घेतली होती.

"गेल्या वर्षी ही मुलगी कोपऱ्यात बसून पेंगायची," बाई म्हणाल्या. "मला कळत नाही, हिला झालंय तरी काय."

"झोप झाली," गुंडीची आई म्हणाली. तिचा आवाज विचित्र येत होता. तिनं पदराचा बोळा करून तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

मास्टरनंच माफी मागितली. असं पुन्हा होणार नाही म्हणाला, जरी त्याला त्याची खात्री नव्हती. कडी वर बसवून घेता येईल, स्क्रू तो स्वतः लावून देईल, असंही म्हणाला. बाई थोड्या निवळल्या.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर बायको भिंतीला टेकून इतकी हसली की शेवटी खाली बसली. "हजेरी घेतली म्हणे!" ती म्हणत होती, डोळे पुसत होती, पुन्हा म्हणत होती. मास्टर तिच्याजवळ उभा होता. त्यालाही हसू येईल म्हणून तो थांबला. आलं नाही. पण आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. असं वाटून किती दिवस झाले होते, ते त्याला आठवेना.

"काय हो?" बायकोनं खालून विचारलं. "काय झालं?"

"काही नाही. बघत होतो."

त्यानं हात पुढे केला. ती उठली. वर्गाच्या दारातून गुंडीनं त्यांना पाहिलं, आणि दप्तर तिथेच टाकून, बाई हाका मारत असताना, ती धावत सुटली.